पीसीडी जुळला म्हणजे चाक बसलं?

पिकअपला बाहेरची अलॉय चाकं बसवण्याबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो: "पीसीडी जुळला की कुठलंही चाक बसतं. जुनेच नट चालतात, गनने आवळा, थरथर आली तर बॅलन्सिंग करा. बाहेर आलेलं चाक दिसतंही छान. विषय संपला." (पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास.) हे वाचून लोक खरंच चाकं बदलतात आणि त्याच गाडीत घरच्यांना बसवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पीसीडी जुळला की बसतं." टोयोटा हायलक्स फोर-बाय-फोर आणि शेव्हरोले सिल्व्हराडो 1500, दोन्हींचा पीसीडी 6×139.7, म्हणजे 139.7 मिमीच्या वर्तुळावर सहा भोकं. पण चाकाचं मधलं भोक हायलक्सला सुमारे 106 मिमी लागतं, सिल्व्हराडोला 78. म्हणजे सिल्व्हराडोचं चाक हायलक्सच्या हबवर (चाक ज्या गोल भागावर बसतं तो) चढणारच नाही. उलट केलंत तर हबभोवती चौफेर 14 मिमी मोकळं. मग चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं. शंकूच्या आकाराचे नट ते करतात, पण चाक हवेत असताना समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत गेलात तरच. नट सैल ठेवून गाडी जॅकवरून उतरवली, की हब खाली सरकतो आणि चाक तसंच जखडलं जातं.

"थरथर आली तर बॅलन्सिंग करा." चाक मध्यावर नसल्याने आलेली थरथर बॅलन्सिंगने जाणार नाही. मशिनवर तेच चाक बरोबर मध्यावर धरलेलं असतं, तिथे त्यात दोष दिसणार कसा?

"जुनेच नट चालतात." एक नट काढून चाकाच्या भोकात बघा. नट टेकतो तिथे रुंद पट्टा घासलेला दिसायला हवा. केसाएवढीच रेघ चमकत असेल तर गोल बैठकीत शंकूचा नट गेलाय, तो आज ना उद्या सैल होणार. आटेही मोजा: 12 मिमीच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेला, नट चढतो तो बोल्ट) 1.5 मिमीचे आटे असतील तर निदान 8 पूर्ण फेरे बसले पाहिजेत.

पिकअपसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या सल्ल्यात नाहीच, ती म्हणजे भार. मागच्या अॅक्सलची मर्यादा 1,800 किलो असेल तर प्रत्येक चाकाची क्षमता किमान 900 हवी. हा आकडा बहुधा चाकाच्या मागच्या बाजूला असतो. कारसाठी बनवलेलं चाक दिसायला तसंच असतं, पण मागचा हौद मालाने भरल्यावर खड्ड्यात तडकू शकतं.

"बाहेर आलेलं चाक दिसतंही छान." ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मिमीमध्ये) +30 वरून −12 केला की चाक 42 मिमी बाहेर येतं. बेअरिंगवर तेवढा जास्त पीळ, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो. माल भरून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

"गनने आवळा." गनने स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो आणि मग कधीतरी चालत्या गाडीत तुटतो. आधी हबवरचा गंज ब्रशने काढा, मग टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून आवळा. 80 ते 100 किमी चालवून पुन्हा तोच पाना फिरवा. नवीन चाकाचा रंग दबून नट थोडे ढिले झालेले असू शकतात.