आतडी धुऊन बी-१२ वाढत नाही

एक निरोप बराच फिरतो आहे. त्याचा गाभा असा: ‘आतड्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षांचा मळ थापलेला असतो, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या अंगी लागत नाहीत. गोळी घेतल्यावर लघवी पिवळी झाली की समजा, सगळे वाहून गेले. खरे तर आतड्यातले चांगले जंतूच सगळी जीवनसत्त्वे तयार करतात. तेव्हा गोळ्या बंद करा, तीन महिने रेच, एनिमा, पाचक एन्झाइम आणि प्रोबायोटिक घ्या. बी-१२ आणि डी आपोआप वर येतील.’

यात एक धागा खरा आहे. पचनसंस्थेच्या काही आजारांत जीवनसत्त्वे खरोखरच कमी पडतात. पण निरोप लिहिणाऱ्याने शोषणाला एकच नळ समजले आहे: तुंबला की सगळे बंद, साफ केला की सगळे सुरू. जीवनसत्त्वे तेरा आहेत आणि त्यांची आत शिरायची दारे वेगवेगळी. कोणते दार बंद आहे हे ओळखल्याशिवाय उपाय ठरत नाही.

‘भिंतींवर मळ थापलेला असतो’

मळ तयार होतो मोठ्या आतड्यात आणि जीवनसत्त्वे शोषली जातात मुख्यतः लहान आतड्यात. मुद्दा खरे तर इथेच संपतो. मोठ्या आतड्याचे मुख्य काम उरलेले पाणी आणि क्षार ओढून घेण्याचे. बद्धकोष्ठात खोळंबा होतो तो तिथे, म्हणजे जीवनसत्त्वे आधीच उतरून गेल्यानंतरच्या स्टेशनावर.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. दर आठवड्याला जी भिंत नवी होते तिच्यावर वर्षांचा थर बसणार कसा? दुर्बिणीने रोज आतडी तपासणाऱ्या डॉक्टरांना असा थर दिसत नाही. मग ‘डिटॉक्स’नंतर बाहेर पडणाऱ्या, रबरासारख्या लांबलचक दोऱ्यांचे काय, ज्यांचे फोटो निरोपासोबत येतात? त्या पुड्यांत बहुधा पाण्यात फुगणारा तंतू आणि बेंटोनाइटसारखी माती असते. दोन्ही पाण्यात कालवून तासभर ठेवा, भांड्यातही तसाच गोळा तयार होतो. पुडीच तो ‘मळ’ बनवते आणि तोच काढल्याचे श्रेय घेते.

उलट सफाईनेच नुकसान होऊ शकते. लिक्विड पॅराफिनसारखे तेलकट रेचक रोज, त्यातही जेवणाच्या आसपास घेतले, तर ए, डी, ई आणि के त्या तेलात विरघळून बाहेर जातात, कारण ते तेल स्वतः शोषले जात नाही. जोरकस रेचके वारंवार घेतल्यास पोटॅशियम घसरते. एनिमाची नळी चुकीची गेली तर गुदाशयाला इजा होते, क्वचित भोकही पडते.

‘लघवी पिवळी झाली म्हणजे वाया गेले’

लघवी मूत्रपिंडात रक्त गाळून तयार होते. आतड्यातून थेट लघवीत जायला वाट नाही. जे शोषले जात नाही ते शौचावाटे जाते. म्हणजे पिवळी लघवी हा जीवनसत्त्व रक्तात पोचल्याचा पुरावा आहे, न पोचल्याचा नव्हे.

तो पिवळा रंग बी-२ चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. प्रौढाची रोजची गरज १.१ ते १.३ मिलिग्रॅम असते आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कित्येक गोळ्यांत याच्या कितीतरी पट मात्रा भरलेली असते. शरीर ते साठवत नाही, जास्तीचे काही तासांत बाहेर टाकते. गोळीत गरजेपेक्षा जास्त आहे, अशी तक्रार कोणी केली तर ती रास्त. तिचा आतड्यांशी संबंध नाही.

क जीवनसत्त्वाचेही असेच. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम घेतले तर त्यातले ७० ते ९० टक्के शोषले जाते. एका दिवसात १ ग्रॅमपेक्षा जास्त घेतले की हे प्रमाण निम्म्याखाली येते, निरोगी आतड्यातसुद्धा, कारण त्याला आत नेणारे वाहक मोजके असतात आणि ते भरून जातात. उरलेले आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब लागतात. गोळी मोठी करून उपयोग नाही, मात्रा कमी करा किंवा दिवसात विभागून घ्या.

‘पचन कमजोर असेल तर गोळ्या निरुपयोगी’

इथे थांबून बी-१२ चा प्रवास पाहावा लागेल, कारण याच्याइतका लांबचा वळसा दुसरे कोणतेही जीवनसत्त्व घेत नाही.

अन्नातले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन ते सुटे करतात. सुटताच लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला धरून ठेवते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे एन्झाइम ती पकड तोडतात, आणि मग जठराच्या पेशींनी तयार केलेला ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ बी-१२ ला हाताशी धरतो. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, इलियममध्ये, तिच्यासाठीच असलेल्या दारातून आत जाते. या घटकाचे अस्तित्व विल्यम कॅसल यांनी १९२९ च्या सुमारास दाखवून दिले.

या साखळीत कुठली कडी तुटली यावर सगळे ठरते.

पहिली कडी आम्लाची. वय वाढल्यावर जठराचे अस्तर झिजते, किंवा आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे चालू राहतात. मग अन्नातले बी-१२ सुटत नाही. पण गोळीतले बी-१२ आधीच सुटे असते, त्याला आम्लाची गरज नसते. म्हणजे निरोपाच्या नेमके उलट: या माणसाला अन्नातून मिळत नाही, गोळीतून मिळते.

दुसरी कडी इन्ट्रिन्सिक फॅक्टरची. पर्निशियस अॅनिमियात शरीराची प्रतिकारशक्तीच जठरातल्या त्या पेशींवर उठते. हा घटक नसला की ठरलेले दार बंद. तरीही मोठ्या मात्रेतले साधारण १ टक्का बी-१२ कोणत्याही वाहकाविना आतड्यातून झिरपते. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून सुमारे १० मायक्रोग्रॅम मिळतात, आणि प्रौढाची रोजची गरज आहे २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणून अशा रुग्णांतही रोजची मोठी गोळी काम करू शकते. ५ किंवा १० मायक्रोग्रॅमची मल्टिव्हिटॅमिन गोळी मात्र त्यांना पुरत नाही. त्यातला एक टक्का म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ‘गोळीने काही झाले नाही’ असे सांगणाऱ्यांच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचावा.

तिसरी कडी इलियमची. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन्स आजारात किंवा शस्त्रक्रियेत हा भाग मोठ्या प्रमाणात गेला तर बी-१२ ची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही पातळी घसरते. औषध बंद करायचे नाही, वर्षातून एकदा बी-१२ तपासायचे आणि लागेल तर भरून काढायचे.

यकृतात बी-१२ चा साठा काही मिलिग्रॅमचा, म्हणजे काही वर्षांचा असतो. त्यामुळे आज सापडलेली कमतरता गेल्या महिन्याच्या अपचनाची नसते.

‘सगळी जीवनसत्त्वे चांगले जंतू बनवतात’

मोठ्या आतड्यातले काही जंतू बी-१२ बनवतात हे खरे. पण ते बनते इलियमच्या पुढे आणि शोषणाचे दार मागे राहिलेले. उत्पादन होते, हाती लागत नाही. के आणि काही बी जीवनसत्त्वे जंतूंकडून थोडी मिळतात. अन्नाची जागा ती घेत नाहीत. ए, डी, ई आणि क यांच्यासाठी तर जंतूंवर अवलंबून राहताच येत नाही.

जंतू लहान आतड्यात फार वाढले तर ते बी-१२ स्वतःच खाऊन टाकतात आणि फोलेट (बी-९) तयार करतात. रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट चढे, अशी जोडी दिसली की डॉक्टर या शक्यतेचा विचार करतात. इथे अडचण जंतू जास्त असण्याची आहे. त्यावर आणखी जंतूंची पुडी हा उपाय नव्हे.

‘पाचक एन्झाइम सगळ्यांनी घ्यावेत’

ए, डी, ई आणि के यांना चरबीसोबत प्रवास करावा लागतो. पित्त चरबीचे बारीक थेंब करते, स्वादुपिंडाचे लायपेज हे एन्झाइम ते फोडते, आणि ही जीवनसत्त्वे त्यांच्यात मिसळून आत जातात. पित्तनलिकेत अडथळा असेल किंवा स्वादुपिंड निकामी होत असेल तर चारही एकदम घसरतात. पण स्वादुपिंडाची राखीव ताकद जबर असते: लायपेज मूळच्या १० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच शौचातून चरबी पडू लागते. निरोगी माणसाने वरून एन्झाइम घेणे म्हणजे भरलेल्या हौदात तांब्याभर पाणी ओतणे. ज्याला खरी गरज आहे त्याला मुख्य जेवणासोबत ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज द्यावे लागते, तेही आम्लापासून बचाव करणाऱ्या आवरणात. ‘पचन सुधारा’ म्हणणाऱ्या बहुतेक डब्यांत याचा अंशही नसतो.

चरबी न पचल्याची खूण म्हणजे फिकट, तेलकट, उग्र वासाचे, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारे शौच आणि सोबत वजन घटणे. नुसते तरंगणारे शौच बहुधा वायूमुळे तरंगते. त्यात दिसणारी भाजीची साल किंवा दाण्याचे टरफलही काळजीचे नाही. ते माणसाला पचतच नाही.

‘डी वाढत नाही म्हणजे आतडी खराब’

डी कमी असण्याची नेहमीची कारणे म्हणजे त्वचेला पुरेसे ऊन न मिळणे, लठ्ठपणा, आणि गोळी ठरल्याप्रमाणे न घेणे. शोषणावर शंका घ्यायची रीत सरळ आहे. ठरवून दिलेली मात्रा चरबी असलेल्या, दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत घ्यावी, एकही चुकवू नये, आणि तीन महिन्यांनी रक्तातले २५-हायड्रॉक्सी डी (डी ची पातळी दाखवणारे रूप) तपासावे. पातळी चढली तर आतडे काम करते आहे. नेमाने घेऊनही हलली नाही, तर मग शोध घ्यावा. ऑरलिस्टॅट (चरबीचे शोषण रोखून वजन कमी करणारे औषध) चालू असेल तर मल्टिव्हिटॅमिन त्यापासून किमान दोन तास लांब, शक्यतो झोपताना घ्यावे. केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन (बी-७) घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा. काही यंत्रांवर त्याने डी, बी-१२ आणि थायरॉइडचे आकडे चुकतात.

मग खरा शोध कुठून सुरू होतो

कोणती जीवनसत्त्वे एकत्र कमी आहेत यावरून. फक्त बी-१२ कमी असेल तर आहार, जठर, इलियम आणि औषधे पाहायची. लोह, फोलेट आणि डी एकत्र कमी असतील तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर संशय, म्हणजे सीलिअॅक आजार, ज्यात गव्हातले ग्लूटेन हे प्रथिन खाल्ल्याने आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यासाठी टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए ही रक्तचाचणी करतात. ‘पोटाला आराम’ म्हणून चाचणीआधीच ग्लूटेन सोडले तर निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो, आणि आठवडेच्या आठवडे पुन्हा ग्लूटेन खाऊन चाचणी करावी लागते. ए, डी, ई, के घसरले असतील आणि प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबला असेल तर पित्त आणि स्वादुपिंड. शौचातील इलास्टेज हे स्वादुपिंडाचे एन्झाइम २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आहे का ते पाहतात. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर बी-१ काही आठवड्यांतच संपू शकते. तिथे तपासणीच्या निकालाचीही वाट पाहत नाहीत, आधी थायमिन, म्हणजे बी-१, देतात.

निरोपात सांगितलेले तीन महिने धोक्याचे ठरतात ते बी-१२ मध्ये. पायांना मुंग्या, तळपाय बधिर होणे, अंधारात चालताना तोल जाणे ही मज्जातंतूंची लक्षणे आहेत, आणि रक्त कमी नसतानाही ती दिसू शकतात. अशा वेळी उपचार सहसा इंजेक्शनने सुरू करतात. नुसते फोलिक अॅसिड (गोळीतले फोलेट) घेतले तर हिमोग्लोबिन सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. ही हानी जितकी जुनी, तितकी ती पूर्ण भरून येण्याची शक्यता कमी.