‘ळ’ असलेलं नाव खुशाल ठेवा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: बाळाच्या नावात ळ, ण, ज्ञ टाळा; ही अक्षरं संगणक घेत नाही, पासपोर्टावर चालत नाहीत, कायद्यातही बसत नाहीत आणि जगभर इंग्रजीची 26 अक्षरंच चालतात. पुढे ढकलणाऱ्यानं निदान आपल्या जिल्ह्याचं नाव तरी वाचायचं! (बोलताना आपण केळीची केयी करतो, तो भाग वेगळा.)

आधी संगणक. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी पद्धत, 1991 मध्येच आलं. त्यात देवनागरीला 128 जागांचा पट्टा आहे आणि ळ, ण तिथे सुखानं बसलेत. ऑनलाइन सातबारा मराठीत निघतो ना?

तरी नावं बिघडतात, हे खरं. गोम नाव भरायच्या रकान्यात आहे. ‘ज्ञानेश्वर’ युनिकोडमध्ये 10 चिन्हांचं होतं. एकटा ज्ञच ज, हलन्त आणि ञ अशा तीन जागा खातो. यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत अख्ख्या नावाला 30 बाइट (संगणकातल्या जागेचं माप) लागतात. इंग्रजी स्पेलिंगला 11 पुरतात. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून कुणी 25 बाइटांचा रकाना केला, की नाव शेपटाकडून तुटलंच. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव लावायचंय, म्हणजे रकाना वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी खोड म्हणजे नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि मराठी मशीनकडून काढून घ्यायचं. मग ज्ञानेश्वरचा ‘द्न्यानेश्वर’ होतो, भोळ्यांचे ‘भोले’ होतात. यात ळ नं काय घोडं मारलं?

जगभराचं म्हणाल, तर आइसलँडच्या वर्णमालेत इंग्रजीतलं सी नाही, म्हणून तिथे सी असलेली नावं नाकारली गेली आहेत. म्हणजे ‘जगभर चालणारी’ 26 सुद्धा सगळीकडे चालत नाहीत. जपानमध्ये मुलांच्या नावात चालणाऱ्या कांजी चिन्हांची सरकारी यादी आहे, सुमारे 3000 चिन्हांची. कॅलिफोर्नियाच्या जन्मदाखल्यावर मात्र बरीच वर्षं खरोखर 26 च अक्षरं होती. मेसेजवाल्यांनी तेव्हा तिथे राहायला जायचं. उलट ब्रसेल्सच्या अपील न्यायालयानं 2019 मध्ये एका बँकेला ग्राहकाच्या नावातली स्वरचिन्हं नीट लिहायला लावली. आमची यंत्रणा जुनी आहे, ही बँकेची सबब चालली नाही.

पासपोर्टाचा मुद्दा अर्धा खरा. तळाशी मशीन वाचतं त्या दोन ओळींत रोमन अक्षरं, आकडे आणि रिकामे खण भरायचं एक चिन्ह, एवढंच बसतं. ओळ 44 खणांची, नावाला 39. पण हा नियम त्या ओळींचा, बारशाचा नाही.

राहिला आपला कायदा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चालणाऱ्या अक्षरांची यादीच नाही. कलम 15 मात्र आहे: नोंद चुकली असेल तर निबंधकाकडे दुरुस्ती मागता येते. दाखल्यावर ‘भोले’ आलं असेल तर अर्ज त्या कलमाखाली करा.