दहा रुपयांच्या आतला खजिना

आमच्या घरात सध्या दोनच विषय चालू आहेत, मिक्सर आणि मेटल डिटेक्टर. मिक्सर बायकोचा, डिटेक्टर माझा, आणि खातं दोघांचं एकच.

जुना डिटेक्टर आमच्याकडे नऊ वर्षं आहे. मेव्हण्याच्या पौडजवळच्या प्लॉटवर बायकोचं जोडवं पडलं म्हणून तो मागवला. तो येईपर्यंत जोडवं तिच्याच पर्सच्या चोरकप्प्यात सापडलं; पण यंत्र परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती. मग काय, रविवारी सकाळी लांब दांड्याचं ते ताटलीवालं यंत्र खांद्यावर टाकायचं आणि प्लॉट गाठायचा. त्याला एक बटण, एक खुंटी आणि एकच आवाज. खाली गंजका खिळा असो की नथ असो, ते 'टुंक' म्हणतं. मग आपण खुरपं घेऊन गुडघ्यावर बसायचं.

नऊ वर्षांची कमाई श्रीखंडाच्या एका डब्यात मावते. बाटल्यांची बुचं पुष्कळ, बैलाच्या पायाची एक पत्री, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि त्यातल्या त्यात मौल्यवान म्हणजे 1957 सालचा एक नया पैसा.

या पैशानं माझी झोप उडवली होती. झालं असं, की भाच्यानं मोबाइलवर 1878 सालचा निखात निधीचा कायदा वाचून दाखवला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली, की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! 1878 साली दहा रुपये म्हणजे काय चीज असेल. आज तेवढ्यात कटिंगसुद्धा धड येत नाही. तरी कायदा तो कायदा. मी पैसा घेऊन जुन्या बाजारात गेलो. नाणीवाल्यानं तो अंगठ्यानं चोळला, उजेडात धरला आणि म्हणाला, "वीस देतो."

"वीस कशाला? नीट बघा, घासलाय."

"बरं, पंधरा."

"कडेला ठेचलाय हो इथं. नऊ म्हणा."

आपल्याच मालाचा भाव पाडणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. नऊवर सौदा तुटला, म्हणजे माझ्या दृष्टीनं जुळला, आणि पैसा न विकता मी सुखानं घरी आलो.

तर आता नवा डिटेक्टर. हे भाच्याचं खूळ. त्याच्या मित्राकडे एक आहे, मायनलॅब कंपनीचा. तो एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालतो, धातूप्रमाणे आकडा दाखवतो आणि सूर बदलतो. लोखंडाला घोगरा, चांदीला किनरा. नको ते आकडे गप्प करता येतात. आपल्याला हवी तशी मांडणी करून ती साठवून ठेवता येते. म्हणजे प्लॉटसाठी एक, समुद्रकिनाऱ्यासाठी एक. (पुण्याला समुद्रकिनारा नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं.) किंमत साधारण एका स्कूटरइतकी.

"मामा, म्हणजे उगाच उकरावं लागणार नाही. बुचं, पट्ट्या सगळं बंद करून टाकायचं."

इथं मी रात्री जागून केलेला अभ्यास बाहेर काढला. यंत्राला सोनं कळत नाही, कळते ती वीज किती वाहते आणि वस्तू केवढी आहे. ताटलीतून चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचा पडसाद वर येतो. बारीकशी सोन्याची अंगठी आणि अॅल्युमिनियमची चपटी पट्टी यांचा पडसाद पुष्कळदा एकाच आकड्यावर पडतो. पट्ट्या बंद केल्या, की अंगठ्याही बंद. उकरायचं नसेल तर स्कूटरएवढे पैसे देऊन सोनं वगळायचं.

"मग चालू ठेवू," भाचा म्हणाला.

"मग पट्ट्याच उकरू. त्या आत्ताही उकरतोच आहे."

बायको आतून म्हणाली, "दोघं मिळून जरा खोबरं खवा. मिक्सर बंद आहे."

भाच्यानं हार मानली नाही. त्यानं 2021 साल काढलं, पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला खोदकामात निघालेली 216 सोन्याची नाणी काढली. मी विचारलं, त्या मजुरांच्या हातात कुठलं मॉडेल होतं? शिवाय नाणी शेवटी पोलिसांनी जप्त केली, हा भाग तो सोयीनं विसरला होता. शनिवारवाड्याचं नाव त्यानं काढलं मात्र, मी हात जोडले. संरक्षित स्मारकात खुरपं घेऊन बसायचं या वयात माझ्यात धाडस नाही.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कानातली कुडी सोसायटीच्या बागेत पडली. भाचा तासाभरात मित्राचं यंत्र घेऊन हजर. मी माझं काढलं. अर्धी सोसायटी गॅलरीत.

आधी नव्या यंत्राला जमिनीची ओळख करून द्यावी लागते. आपली काळ्या दगडाची जमीन, तिच्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकी खनिज, त्यामुळे नुसती मातीही बोलते. म्हणून ताटली जमिनीपाशी वरखाली, वरखाली करायची. वॉचमननं थोडा वेळ पाहिलं आणि हळूच चपला काढल्या. त्याला वाटलं, भूमिपूजन आहे.

ओवाळून झालं आणि भाच्यानं ताटली हिरवळीवरून फिरवली. यंत्र जे घोगऱ्या आवाजात सुरू झालं ते थांबेना. माझं तर टुंक टुंक टुंक, चुलीवर पातेल्याचं झाकण उडावं तसं. पाच मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: आमची बाग जमिनीवर नाहीच, ती पार्किंगच्या स्लॅबवर आहे. हिरवळीखाली वीतभर माती आणि त्याखाली लोखंडी सळ्यांची जाळी.

मला एकदम ग्रॅहम बेल आठवला. टेलिफोनवालाच. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठं आहे ते शोधायला बेल आपलं यंत्र घेऊन गेला. यंत्रानं घोळ घातला, कारण पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. त्यात डॉक्टरांनी त्याला फक्त उजवीकडेच शोधू दिलं. गोळी डावीकडे होती.

हे मी सेक्रेटरींना सांगत असतानाच ते म्हणाले, "ते राहू द्या. काकू या बाकावर बसल्या होत्या, तुम्ही इथंच शोधा."

"पलीकडच्या बाकावर पण बसले होते हो थोडा वेळ," काकू म्हणाल्या.

"इथंच," सेक्रेटरी म्हणाले.

इथं सळ्याच होत्या. फक्त कडेच्या विटांच्या वाफ्यात माती दोन हात खोल होती. तिथं जास्वंदीपाशी भाच्याचं यंत्र गप्प झालं आणि मग अचानक गोड किणकिणलं. आकडा आला, तो स्थिर राहिला. भाच्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी माझी ताटली तिथंच धरली. टुंक. खुरपं घातलं, चार बोटांवर लागलं. काकू पुढं वाकल्या.

दहा रुपयांचं नाणं.

भाच्यानं तिथल्या तिथं मोबाइल काढून कायदा पुन्हा वाचला. दहाहून जास्त, असंच लिहिलंय. दहा बरोबर असतील तर कलेक्टरला त्रास द्यायला नको. काकू म्हणाल्या, चांगलं मशीन घेणार असाल तर मी पाचशे रुपये वर्गणी देते. गॅलरीतून आणखी दोघांनी हात वर केले.

बायकोनं माझ्या हातातून नाणं घेतलं, पदरानं पुसलं आणि श्रीखंडाच्या डब्यात न टाकता मिक्सरच्या पैशांच्या पाकिटात टाकलं.