पोहायला नाव घातलंय

पोरगा मोबाईलमध्ये बुडण्यापेक्षा पाण्यात बुडलेला बरा, असा ठराव मे महिन्याच्या तोंडावर आमच्या घरी एकमताने मंजूर झाला. एकमत म्हणजे बायकोचं.

तसे बोरिवलीत पर्याय कमी नाहीत. राष्ट्रीय उद्यान दाराशी आहे. ते सोमवारी बंद असतं आणि रविवारी अर्धी मुंबई तिथेच मोकळी हवा खायला येते, तेव्हा हवा मोकळी राहत नाही. तरी एकदा कान्हेरीला गेलो. शंभराहून जास्त लेणी, उन्हाने तापलेल्या पायऱ्या. भिक्खू इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात राहायचे, अशी माहिती मी दिली. "मग आपण मे महिन्यात का आलोय?" चिरंजीवांनी विचारलं. उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या दाखवल्या. बहुतेक लेण्याजवळ एक टाकी, पावसाचं पाणी साठवायला. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरावर ही सोय होती. आमच्या सोसायटीत हा विषय अजून पुढच्या सभेवर ढकललेला आहे.

उन्हाळी शिबिरांची चौकशीही केली. रोबोटिक्सपासून श्लोकपठणापर्यंत सगळं आहे, पण फी ऐकून श्लोक आपल्याच तोंडून बाहेर पडतात. शेवटी गाडी आली सार्वजनिक तरण तलावावर. कुठला ते सांगत नाही. पुढच्या वर्षी तिथेच नाव घालायचंय.

नोंदणी ऑनलाइन, सकाळी अकराला. अकराला पान उघडलं, गोल फिरत राहिलं, ओटीपी आला तोवर सकाळच्या सगळ्या बॅच भरलेल्या. म्हणून प्रत्यक्ष खिडकी गाठली. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "कोणी गळलं तर बघू. कागद तयार ठेवा." कागद म्हणजे आधार, जन्मदाखला, फोटो आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट. आमच्या डॉक्टरांकडे ऊन लागलेल्यांची रांग. त्यांनी पोराकडे चष्म्यावरून पाहिलं, "खाज-बिज नाही ना?" म्हणाले आणि सही ठोकली. तो कागद घेऊन खिडकीवर आलो, तर साहेबांनी तो उजेडात धरला. "शिक्का तारखेवर आलाय. तारीख वाचता येत नाही." पुन्हा डॉक्टर, पुन्हा रांग. दुसरा शिक्का त्यांनी इतका जपून, कडेला मारला की अर्धा टेबलावर उमटला.

शेवटी कोणीतरी गळलं. देव त्याचं भलं करो. मिळाली ती सकाळी सहाची बॅच. शाळेसाठी सातलाही न उठणारा मुलगा पाचला टोपी-गॉगल घालून दारात उभा, आणि मी एक डोळा मिटून स्कूटरची किल्ली शोधतोय. सुट्टी कोणाची लागलीय तेच कळेना.

पण खरी गंमत पालकांच्या बाकावर. उपनगरातली कुठलीही सोय हवी असेल तर हेल्पलाइन नको, त्या बाकावर बसा. देवगडचा खात्रीचा हापूस कोणाकडे, कुरडया करून देणाऱ्या मावशी कुठे, टँकरवाला कोणाचा फोन उचलतो, सगळं तिथे कळतं. एसी मेकॅनिकचा नंबर मात्र कोणी सहजासहजी देत नाही. मे महिन्यात तो माणूस जावयाच्या वरचा. "दहा मिनिटांत पोचतो" असं तो विरारहून सांगतो, संध्याकाळी उगवतो आणि झाकण न उघडताच निदान करतो, "गॅस संपलाय."

त्याच बाकावर मी एकदा हिशोब मांडला. तलाव 50 मीटर लांब, 25 रुंद, सरासरी 2 मीटर खोल धरला तर 25 लाख लिटर पाणी. दहा हजारी टँकरचे अडीचशे टँकर, नुसते पाय हलवायला! आणि आमच्या इमारतीत नळ येतो तो खोकत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार हे आमच्या उद्यानाच्याच कुशीत आहेत, पण ते लहान. निम्म्याच्या आसपास पाणी येतं ते पार शहापूरकडच्या भातसातून. 2024 साली 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के कपात लागली होती, तेव्हापासून आमच्याकडे मे उजाडला की बादल्या आपोआप रांगेत उभ्या राहतात.

तर मुलगा रोज पोहून, तिथल्या शॉवरखाली मनसोक्त भिजून, चकाचक होऊन घरी येतो आणि आम्ही अर्ध्या बादलीत दोघं. ही गोष्ट जिन्यात फुटायला वेळ लागला नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका खांद्यावर टॉवेल टाकून आले.

"तो पोहण्याचा फॉर्म कुठे मिळतो रे?"

"काका, या वयात पोहणार?"

"छे! नुसती आंघोळ. त्यालाही सर्टिफिकेट लागतं का?"