‘शाई-कागदाचा खेळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

गेल्या आठवड्यात जर्मनांच्या ताब्यातल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कचेरीवर डच प्रतिकारकांनी १९४३ साली घातलेल्या छाप्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची भली मोठी प्रतिक्रिया आली. तिथेच खाली दोन ओळी लिहून विषय संपवणार होतो, पण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही वेगळी पोस्ट.

प्रतिक्रिया थोडक्यात अशी: हेगमधल्या क्लेकांप या नोंदणीच्या इमारतीवरच्या बॉम्बहल्ल्याची तारीख चुकली आहे, छापा पडला तोवर फार उशीर झाला होता, सक्तीचं डच ओळखपत्र आखणारा अधिकारी याकोब लेंट्स हा बिचारा सरकारी नोकर, त्याला जर्मनांचा साथीदार म्हणणं अन्याय, आणि आपल्याकडचा १९४२ सोडून युरोपचं कौतुक कशाला. मधोमध हे वाक्य: ‘खोटी कार्डं छापणं हा शाई-कागदाचा खेळ. ज्यांनी बंदूक उचलली नाही त्यांना प्रतिकारक म्हणणं हा खऱ्या लढवय्यांचा अपमान आहे. टेबलाशी बसून लिहिणाऱ्यांना टेबलाशी बसलेलेच नायक दिसतात.’

आधी माझी चूक. हेगमधल्या क्लेकांप इमारतीवरचा हल्ला मी मार्च १९४४ मध्ये घातला होता, तो ११ एप्रिल १९४४ चा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र चूक दाखवताना ‘एवढंही माहीत नसेल तर लिहायचंच कशाला’ अशी सुरुवात करायची काय गरज होती? महिना चुकला म्हणजे माणूस खोटं बोलला असं होत नाही. मी इथे कुणाला अरेतुरे करत नाही, आणि वाचकांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवतो.

आता ते वाक्य.

मी तीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, ट्रेडलपासून ऑफसेटपर्यंत. कागद हातात घेतला की तो उजेडात धरून बघायची सवय लागलेला माणूस मी. तेव्हा ‘शाई-कागदाचा खेळ’ हे शब्द मला लागले, आणि ते लागले हे मी लपवत नाही. तुम्ही कधी एखादा सुरक्षित दस्तऐवज जवळून पाहिला आहे का? नसेल, तर लेंट्सचं ते ओळखपत्र, म्हणजे ते कार्ड, काय होतं ते आधी नीट समजून घ्या.

एप्रिल १९४१ पासून नेदरलँड्समध्ये पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला ओळखपत्र बाळगणं सक्तीचं झालं. त्याचा कागद जलचिन्हाचा. जलचिन्ह छापता येत नाही, ते कागद बनतानाच ओल्या लगद्यात उमटवावं लागतं. तयार कागदावर नंतर रंगहीन, तेलकट वार्निशाने त्याची नक्कल करता येते, उजेडात धरलं तर बरी दिसतेही. पण जिथे वार्निश लागलं तिथे कागदाचा स्पर्श बदलतो आणि काही महिन्यांत कडेला पिवळसर वलय धरतं. शाई अशी की क्वार्ट्झच्या (अतिनील प्रकाशाच्या) दिव्याखाली ती वेगळी वागायची, साध्या शाईतली नक्कल तिथेच पकडली जायची. फोटो खास डिंकाने चिकटवलेला, बोटाचा ठसा घेतलेला आणि वर पारदर्शक सील. फोटो सोडवायला गेलं की सील आणि ठसा दोन्ही खराब. ज्यूंच्या कार्डावर मोठ्या अक्षरात ‘जे’ चा शिक्का. हे कार्ड बर्लिनच्या पोलिसी तज्ज्ञांना दाखवलं, तेव्हा जर्मनीच्या स्वतःच्या ओळखपत्रापेक्षा ते सरस ठरलं.

अशा कार्डाची नक्कल करायला तीन वाटा होत्या. पहिली, खरं कार्ड घ्यायचं आणि फोटो बदलायचा. लोक आपलं कार्ड ‘हरवलं’ म्हणून कळवायचे, नवं घ्यायचे आणि जुनं लपलेल्या माणसासाठी द्यायचे. अडचण ही की वय, उंची, चेहरा जुळणारा दाता मिळाला पाहिजे. आणि एकाच गावात फार कार्डं हरवू लागली की कचेरीला संशय येतो. दुसरी वाट, कचेरीतून कोरी खरी कार्डं पळवायची. त्यांचा कागद खरा, शाई खरी, पण शिक्का आणि सही खोटी करावी लागते, आणि पळवलेल्या कार्डांचे क्रमांक पोलिसांकडे पोचलेले असतात. तिसरी वाट सगळ्यात कठीण: कार्ड पहिल्यापासून छापायचं.

हे शेवटचं काम शिल्पकार खेरिट फान डर फेन आणि त्याच्या साथीदारांनी केलं. टायपोग्राफर विलेम सांडबर्ग, जो पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाचा संचालक झाला, त्यांच्यात होता. छापखाना फ्रान्स ड्यूवारचा. सत्तर-ऐंशी हजार ओळखपत्रं त्यांच्या हातून बाहेर पडली. ज्याने एकदा तरी बारीक रेषांची नक्षी दोन रंगांत रजिस्टर जुळवून, म्हणजे एका रंगावर दुसरा तंतोतंत बसवून, छापली आहे, त्याला हा आकडा वाचून काय वाटतं ते मला माहीत आहे. केसाएवढी सरक झाली तर तो ताव रद्दीत टाकावा लागतो. आणि इथे रद्दी बाहेरही टाकता येत नव्हती. चुकलेला प्रत्येक ताव जाळायचा, तोही धूर शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणार नाही असा.

तरीही ही कार्डं अर्धवटच होती, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकी हीच गोष्ट निसटली आहे. कार्ड कितीही हुबेहूब असलं तरी त्यामागे नोंदणीतलं कार्ड हवं. रस्त्यात संशय आला तर पोलीस गावच्या कचेरीत विचारायचा: या नावाचा, या क्रमांकाचा माणूस आहे का? नसला, की जलचिन्ह कितीही चांगलं असो, माणूस गेला. एखादा कारकून जिवावर उदार होऊन नोंदणीत खोटं कार्ड घुसवायचा, तेव्हा कुठे ते ओळखपत्र पुरं व्हायचं. शिवाय कार्ड घेताना दिलेल्या पावतीची प्रत, फोटो आणि ठशासकट, हेगला क्लेकांपमध्ये जमा असायची. म्हणून आधी अ‍ॅमस्टरडॅमची नोंदणी जाळायचा प्रयत्न झाला आणि वर्षभराने सहा मॉस्किटो विमानांनी क्लेकांपवर बॉम्ब टाकले. त्या हल्ल्यात साठच्या आसपास माणसं मेली, बहुतेक तिथले कर्मचारी. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं, आणि ते लिहिताना मला सोपं गेलं नव्हतं.

२७ मार्च १९४३, शनिवारची रात्र, प्लांटाज केर्कलान या रस्त्यावरची कचेरी, प्राणिसंग्रहालयाला लागून. फान डर फेन, चित्रकार आणि लेखक विलेम अरोंदेउस आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेषात आले. गणवेश शुर्ड बाकरने शिवलेले. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन गुंगी आणली आणि बाहेर सुरक्षित जागी नेऊन ठेवलं, एकाचाही जीव घेतला नाही. मग खण उपसून कार्डांचे ढीग जमिनीवर रचले. हे ते का करत होते? कारण खणात ठासून भरलेली कार्डं जळत नाहीत. कडा तेवढ्या करपतात, मध्ये हवा शिरत नाही, आतला गठ्ठा जसाच्या तसा राहतो. कुठल्याही छापखान्यात आग लागल्यावर रिमांचं काय होतं ते विचारून बघा. सगळे खण उपसायला वेळ पुरला नाही. अग्निशमन दलाच्या लोकांनी यायला मुद्दाम उशीर केला आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, म्हणजे जे जळलं नाही ते भिजून जावं. एवढं सगळं करून सुमारे १५ टक्के नोंदी नष्ट झाल्या.

१ जुलै १९४३ ला बारा जणांना समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत उभं करून गोळ्या घातल्या. अरोंदेउस त्यांत होता, बाकर होता. फान डर फेन तेव्हा निसटला. १ मे १९४४ ला साथीदारांना सोडवण्यासाठी तुरुंगावर हल्ला करताना जखमी झाला, मग पकडला गेला. १० जून १९४४ ला त्याला गोळ्या घातल्या, आणि त्याच दिवशी ड्यूवारलाही. छापखान्याच्या मालकाला. शाई-कागदवाल्याला.

कशाला म्हणायचा खेळ?

बंदुकीचंही बोलू. मी बंदूक उचलणाऱ्यांना कमी लेखलेलं नाही, लेखात तसं एक वाक्य दाखवा. पण बंदुकीचा हिशेब फक्त उचलणाऱ्याला द्यावा लागत नव्हता. ३० सप्टेंबर १९४४ च्या रात्री पुटेन गावाजवळ जर्मन गाडीवर हल्ला झाला. बदल्यात जर्मनांनी गावातले ६०० च्या वर पुरुष नेले. परत आले ते ५० पेक्षा कमी. प्रतिकार करणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर त्या काळीच वाद झडत होते, आणि वाद घालणारे कुणी भित्रे नव्हते. दुसरीकडे १९४४ पर्यंत तीन लाखांच्या आसपास माणसं लपलेली होती: ज्यू, जर्मनीत मजुरीला जायला नकार दिलेले तरुण, संपावरचे रेल्वे कामगार. रेशनच्या कुपनाशिवाय यांच्या पोटात काही जात नव्हतं, आणि कुपन कार्डाशिवाय मिळत नव्हतं. कुपनांसाठी रेशन कचेऱ्यांवर छापे घातले ते हातात पिस्तूल घेऊनच. तेव्हा बंदूकवाले एकीकडे आणि कागदवाले दुसरीकडे अशी तुमची वाटणी त्या लोकांना मान्यच झाली नसती. वालराफेन फान हॉल या बँकरने तर राष्ट्रीय बँकेच्या तिजोरीत खऱ्या सरकारी वचनचिठ्ठ्यांच्या जागी खोट्या ठेवल्या, खऱ्यांवर रोकड उचलली आणि संपकऱ्यांच्या घरी पोचवली. रक्कम पाच कोटी गिल्डरच्या घरात. त्याला १२ फेब्रुवारी १९४५ ला मारलं. हाही कागदच.

बंदूक म्हणजेच प्रतिकार ही समजूत तुमच्या एकट्याची नाही, हे मी मान्य करतो. युद्धानंतर खुद्द डच लोकांनाही तसंच ऐकायला आवडत होतं: मूठभर गद्दार, आणि बाकी सगळं राष्ट्र ताठ उभं. त्यात अरोंदेउस बसेना. तो समलिंगी होता, आणि आपण भित्रे नसतो हे लोकांना सांगा असा निरोप मरणाआधी वकिलाकडे देऊन गेला होता. छाप्याचं श्रेय कितीतरी वर्षं फान डर फेनच्या नावावर राहिलं, अरोंदेउसचं नाव मागे पडलं. १९८० च्या दशकात कुठे त्याला मान मिळू लागला. १९८६ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेने त्याची नोंद घेतली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये, ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध झालेल्या फेब्रुवारी १९४१ च्या संपाचं स्मारक आहे, १९५२ साली बसवलेला गोदी कामगाराचा पुतळा, मारी आंद्रिसेनने घडवलेला. दंड फुगलेले, छाती पुढे, हात मोकळे. मोकळे, हे लक्षात घ्या.

लेंट्सबद्दल तुम्ही ‘बिचारा’ म्हणालात. नोकरी म्हणून केलं असतं तर मीही वेगळं लिहिलं असतं. पण सक्तीच्या ओळखपत्राची त्याची कल्पना युद्धापूर्वीच्या डच सरकारने मार्च १९४० मध्ये नाकारली होती. प्रत्येक नागरिकाला संशयित धरणं आमच्या रीतीत बसत नाही, असं म्हणून. दोन महिन्यांनी जर्मन आले आणि त्याने तीच कल्पना, आणखी घट्ट करून, त्यांच्यापुढे ठेवली. युद्धानंतर त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाच्या वर मारले गेले. ते प्रमाण बेल्जियमपेक्षा कितीतरी जास्त, फ्रान्सपेक्षा तर फारच. एकट्या कार्डामुळे असं झालं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण पत्ता अचूक, नोंद अचूक, शिक्का अचूक, हे सगळं कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं. त्याला बिचारा म्हणायचं आणि ड्यूवारला खेळ खेळणारा, हे मला जमणार नाही.

छापा उशिरा पडला, हे खरं आहे. लेखात ते आहे. शेवटच्या आधीचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि ‘आपल्याकडचं लिहा’. लिहितो की. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवला, बंदुकीविना. त्यांना काय म्हणणार ते कळवा, मग पुढे बोलू.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, टेबलाबद्दलच्या वाक्यासकट तशीच ठेवली आहे. पुढची पोस्ट डच रेल्वेवर आहे: १५ जुलै १९४२ ला वेस्टरबोर्क या ज्यूंच्या छावणीहून पूर्वेला निघालेली पहिली गाडी, सप्टेंबर १९४४ चा संप, आणि २००५ मध्ये मागितलेली माफी. त्यात एखादी तारीख चुकली तर जरूर सांगा.