उत्तर दिशेचा बाण

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात चौथ्या पायरीवर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ठेचकाळतो. बी.आर्क.च्या पहिल्या वर्षाला असताना मी टेप घेऊन जिन्यात बसले आणि एकेक पायरी मोजली. बाकी सगळ्या १६५ मिलिमीटर, ही एकटी १८५. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंची पाठ होते, मग तो बघत नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात, असं मी बाबांना समजावलं. तेव्हापासून कुणी पाहुणा ठेचकाळला की बाबा कौतुकाने सांगतात, "वीस मिलिमीटर जास्त आहे. आमच्या मुलीने शोधून काढलंय." पायरी आहे तशीच आहे.

लोकांना वाटतं, आर्किटेक्चरला घरं बांधायला शिकवतात. आम्ही पुठ्ठा कापायला शिकतो. बाकीचं येता-जाता शिकतो, म्हणजे विटांची रचना, ऊन-वारा, नळ-ड्रेनेज, एस्टिमेट आणि झोपेशिवाय जगणं. विटांमध्ये इंग्लिश बॉण्ड, फ्लेमिश बॉण्ड आणि आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात रुळवलेला रॅट-ट्रॅप, म्हणजे उंदराचा सापळा, बॉण्ड. त्यात विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटाही वाचतात आणि भिंतीतून ऊनही कमी झिरपतं. साइट व्हिजिटला मी हे एका गवंडीमामांना अगदी रंगवून सांगितलं. त्यांनी थापी खाली ठेवली, नाव पुन्हा विचारलं, अर्थ विचारला आणि म्हणाले, "मॅडम, मग त्या पोकळीत उंदीरच येणार की."

पण खरा प्रकार म्हणजे जुरी, म्हणजे आपलं डिझाइन परीक्षकांपुढे मांडायचं आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. तिसऱ्या वर्षाला मला ग्रंथालय होतं. स्केल १:५०, म्हणजे मॉडेल ८० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद, आमच्या डायनिंग टेबलापेक्षा जरा लहान. वाचनकक्षाच्या उंच खिडक्या उत्तरेला, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, पानावर तिरीप येत नाही. पश्चिमेला जाळी, वारा यावा आणि संध्याकाळचं ऊन अडावं म्हणून. पूर्वेला कोरी भिंत, तिच्यालगत पुस्तकांची कपाटं. ती जाळी मी सनबोर्डमध्ये ब्लेडने कापली. ३१२ भोकं. शेवटच्या पन्नासमध्ये थोडं रक्तही आहे, तिथे मी टेराकोटा रंग दिला.

पहाटे चारला छत बसेना, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्याचेच. मुंबईच्या जे.जे.तलं शिक्षण अर्धवट सोडून गेले, पॅरिसला कोर्बुझिए या मोठ्या आर्किटेक्टकडे काम केलं आणि २०१८ला प्रित्झकर मिळालं, आर्किटेक्चरचं नोबेलच ते."

बाबा कुशीवर वळत म्हणाले, "त्यांनी पॅरिस गाठलं. तू आधी शिवाजीनगर गाठ."

चिंचवडहून लोकलला लेडीज डब्यात चढले. छत चढलं नाही. ते प्लॅटफॉर्मवरच्या वाऱ्याबरोबर लोणावळ्याच्या दिशेने गेलं. डब्यात चार बायकांनी सरकून मॉडेलला जागा दिली, मला नाही.

"बाहुलीचं घर का गं?"

"ग्रंथालय आहे, काकू. आर्किटेक्चरला आहे मी."

"म्हणजे वास्तुशास्त्र! मग मला सांग, आमचं देवघर नैर्ऋत्येला आलंय…"

दापोडी येईपर्यंत मी त्यांचं देवघर तोंडी हलवून दिलं. तेवढ्यात गाडीने धक्का दिला आणि बेसवरचा उत्तर दिशेचा बाण निखळून काकूंच्या पदरात पडला. माझे दोन्ही हात भिंती धरण्यात गुंतलेले. मी पर्समधलं फेविक्विक काढायला सांगितलं, काकूंनी झटकन बाण चिकटवला आणि वर बोटाने दाबूनही धरला. किती माया असते लोकांत!

जुरीला बाहेरून आलेले सर गुडघे वाकवून मॉडेलच्या पातळीला आले. आधी बाणाकडे बघितलं, मग खिडक्यांकडे, मग माझ्याकडे.

"वाचनकक्षाला एवढी काच दक्षिणेला?"

मला काहीच कळेना.

"वारा पश्चिमेकडून येतो. तुझ्या पश्चिमेला कोरी भिंत. जाळी पूर्वेला कशासाठी?"

दोन रात्री जागलेल्या माणसाला बाण आणि इमारत यांचा संबंध लागायला वेळ लागतो. शीट्सवर, म्हणजे काढलेल्या नकाशांवर, सगळं बरोबर होतं, पण सरांची नजर मॉडेलवरून हलेना आणि मीही त्यांना तिकडे न्यायचं विसरले. मी नेहमीचा आधार घेतला आणि म्हणाले, "सर, कन्सेप्ट तसा आहे." "कन्सेप्ट" या शब्दावर माझी आधीची दोन वर्षं निघाली होती.

"आणि छत?"

"ओपन टू स्काय, सर."

"ग्रंथालय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी वहीत लिहिलं, 'क्रॉस व्हेंटिलेशनचा विचार नाही', आणि पुढच्या मुलाकडे वळले.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकल्यावर दिसलं, बाण बरोब्बर उलटा. अख्खं ग्रंथालय काकूंनी १८० अंशांत फिरवलं होतं. देवघराचा सल्ला मी फुकट दिला होता, त्याचीच ही दक्षिणा.

मॉडेल आता घरी बाल्कनीत असतं. आईने त्यात कांदे भरलेत. छत नाही ते बरं झालं म्हणते, हात घालता येतो. आणि त्या जाळीने हवा इतकी खेळती राहते की पावसाळा संपत आला तरी एक कांदा सडलेला नाही.