नुकसान करून घेताना घ्यायची काळजी

तर भाऊ, यंदा सरकारी मदत पाहिजे ना? मग आभाळाकडे पाहणं सोडा. आपल्या महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, पर्जन्यमापक कुठं बसवलंय, ते आधी हुडका. तुमच्या वावरात गुडघाभर पाणी साचलं, धुरा फुटला, पऱ्हाटी आडवी झाली, याला काही अतिवृष्टी म्हणत नाहीत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस त्या यंत्रात पडला, तरच ती अतिवृष्टी. चौसष्टावर थांबला, तर रिमझिम. जमत असेल तर वावरच उचलून यंत्राशेजारी नेऊन ठेवा.

पुढची अट ३३ टक्क्यांची. नुकसान बत्तीस टक्के झालं, तर कागदावर तुमचं सगळं बरं चाललंय. म्हणून सोयाबीनला वेळेत समज द्या : सडायचं तर मन लावून सड.

काटोल-नरखेडच्या संत्र्याला मात्र ही शिस्त नाही. आंबिया बहाराची फळं रोज थोडी थोडी गळतात. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं एकाच दिवशी बागेत जमेपर्यंत खालचा सडा मातीत मिसळलेला असतो. झाड उभं, पानं हिरवीगार. साहेबांनी नुकसान पाहायचं तरी कुठं? तेव्हा गळालेलं प्रत्येक फळ जपा. गळालेली फळं बागेत ठेवू नका, रोग पसरतो, असं शास्त्र सांगतं. सांगू द्या. शास्त्र पंचनाम्यावर सही करत नाही.

नुकसानीचं वर्ष निवडतानाही घाई नको. जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयात कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० रुपये होते, तेही तीन हेक्टरपर्यंत. मे २०२५ मध्ये पुन्हा ८,५०० वर आणि दोन हेक्टरवर आले. ऑक्टोबरात परत ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. बुडायचं कधी, हे शासन निर्णय वाचून ठरवावं. ज्यांना पावसानं विचारलं नाही, त्यांची चूक. ८,५०० म्हणजे सातबाऱ्यावरच्या एका आरमागे, हेक्टरच्या शंभराव्या भागामागे, ८५ रुपये. दोघांचे तर्री-पोहे होतात, चहा आपला आपण प्यायचा.

आता अंगठा. ई-केवायसीला तो उमटला पाहिजे, आणि निंदण-डवरणी करून त्याच्या रेषा तर गुळगुळीत झालेल्या. म्हणून पेरणीनंतर दोन महिने अंगठ्याला काम सांगू नका. खातं सामाईक असेल तर पुण्यातल्या भावाशी गोड बोला, संमतीपत्र त्याच्या हातात आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबाच असतील, तर... जाऊ द्या, ते पुढच्या अतिवृष्टीत पाहू.

एवढं करूनही यादीत नाव नसेल, तर डिसेंबरची वाट पाहा. हिवाळी अधिवेशनाला सरकारच नागपूरला येतं, मुंबईचं तिकीट वाचतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्च्यात शिरा. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतील, तिथंच थांबा. निवेदनाच्या तीन प्रती असू द्या. आणि ती जपलेली कुजकी संत्री पिशवीत न्यायला विसरू नका. पोलीस ती लगेच ताब्यात घेतील, मोजतील आणि पंचनामा जागेवरच करतील.